स्कोअर उणे नऊ आला, पुढं काय?

एम.फार्म.च्या प्रोजेक्टचे विषय ठरायला लागले की माझ्या टेबलासमोर एक तरी पोरगं लॅपटॉप उघडा धरून उभं राहतंच. पडद्यावर रंगीत फितींचं प्रोटीन आणि त्याच्या खाचेत बसवलेला एक रेणू. "मॅडम, करोनाचं मेन प्रोटिएज. स्कोअर उणे नऊ पॉइंट दोन आलाय. लई भारी बसतंय." रेणू कशातला म्हणून विचारलं की यादी ठरलेली: तुळस, हळद, गुळवेल, शेवगा. यंदा एकानं बिब्बासुद्धा आणला.

मी कोल्हापुरातल्या एका फार्मसी कॉलेजात औषधी रसायनशास्त्र शिकवते. डॉकिंग म्हणजे रेणू प्रोटीनच्या खाचेत कसा आणि किती घट्ट बसेल याचा संगणकावरचा अंदाज; स्कोअर जितका उणे तितकी पकड चांगली, असं धरतात. मॅडम डॉकिंगचे विषय देत नाहीत, असं पोरांत पसरलंय. तसं काही नाही. मी फक्त पुढं काय एवढंच विचारते, आणि तिथं गाडी अडते. दरवर्षी तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून यंदा लिहूनच टाकते.

हे खूळ सुरू झालं 2020 मध्ये. मेन प्रोटिएज हे करोना विषाणूचं प्रोटीन कापणारं एन्झाइम. शांघायच्या एका गटानं त्याची क्ष-किरणांनी काढलेली रचना जानेवारीच्या अखेरीस प्रोटीन डेटा बँकेत जमा केली आणि 5 फेब्रुवारीला ती सगळ्यांसाठी खुली झाली. फाईलचा क्रमांक 6एलयू7. माझ्या कुठल्याही विद्यार्थ्याला झोपेत विचारा, सांगेल. फाईल फुकट, डॉकिंगचं सॉफ्टवेअर ऑटोडॉक व्हिना फुकट, कॉलेज बंद आणि प्रयोगशाळेला कुलूप. मग काय, घरोघरी डॉकिंग. त्या दोन वर्षांत आपल्या देशातून या एका फाईलवर जेवढे पेपर निघाले त्यातले बहुतेक छापायच्या लायकीचे नव्हते, असं माझं स्पष्ट मत आहे. राग येणाऱ्यांनी यावा.

गंमत म्हणजे ज्यांनी ही फाईल दिली ते स्वतः स्कोअरवर थांबले नव्हते. त्यांनी दहा हजारांहून जास्त संयुगं एन्झाइमसोबत खरोखर नळीत तपासली. त्यात एब्सेलेन नावाचं संयुग सगळ्यात जोरदार निघालं, त्याची बातमीही झाली. पुढं दुसऱ्या एका गटानं त्याच नळीत डीटीटी घालून पाहिलं. डीटीटी हे साधं क्षपणक, त्यात गंधक असतं. ते घातल्यावर एब्सेलेनचा सगळा जोर ओसरला. म्हणजे ते या एन्झाइमला म्हणून धरतच नव्हतं, समोर दिसेल त्या गंधकाला चिकटत होतं. नळीत तपासलेल्या संयुगाची ही कथा, तर पडद्यावरच्या बिब्ब्याचं काय सांगायचं!

आता हे एन्झाइम करतं काय ते पाहू. विषाणूचा आरएनए साधारण तीस हजार अक्षरांचा. तो पेशीत शिरला की पेशीची यंत्रणा त्याचा मोठा भाग वाचून एक लांबलचक प्रोटीनची साखळी बनवते. त्या अवस्थेत ती साखळी काही कामाची नाही. ती ठरलेल्या जागी तुटली की सोळा सुटी प्रोटीनं मिळतात आणि मग विषाणूचं नक्कल काढायचं दुकान चालू होतं. यातले अकरा काप मेन प्रोटिएज घेतं. ते स्वतःच त्या साखळीतलं पाचवं प्रोटीन आहे, म्हणजे आधी स्वतःला कापून सोडवून घेतं. ते बंद पाडलं की पुढचं सगळं अडतं, म्हणून औषधवाल्यांचा त्याच्यावर डोळा.

दुसरं कारण मला जास्त आवडतं. हे एन्झाइम कापताना साखळीतलं ग्लुटामिन नावाचं अमिनो आम्ल शोधतं आणि त्याच्या लगेच पुढं काप घेतं. माणसाच्या शरीरात नेमक्या अशा आवडीचं प्रोटिएज माहीत नाही. त्यामुळं ग्लुटामिनसारखं दिसणारं काहीतरी रेणूत घातलं तर ते आपल्या एन्झाइमांच्या वाटेला फारसं जाणार नाही, अशी आशा धरता येते. एक प्रत 306 अमिनो आम्लांची, पण एकटी असेल तर निकामी. दोन प्रतींची जोडी जमावी लागते, कारण एकीचं टोक दुसरीच्या खाचेपर्यंत पोचून तिला आकार देतं. खाचेत 145 क्रमांकाचं सिस्टीन आणि 41 क्रमांकाचं हिस्टिडीन समोरासमोर. प्रत्यक्ष काप घेतं ते सिस्टीनचं गंधक.

लॉकडाऊनमध्ये मी घरातूनच तास घ्यायचे. आमच्या अण्णांची सगळी हयात उद्यमनगरात लेथवर गेली, त्यामुळं पडद्यावर काहीतरी कशात तरी बसतंय म्हटल्यावर ते खुर्ची ओढून मागं बसणारच. तास संपला आणि त्यांनी विचारलं, "बसतंय बसतंय म्हणतीस, पर फिट कुठलं? प्रेस फिट का रनिंग फिट?" मी म्हटलं, "म्हणजे?" "अगं, बुश बोअरमध्ये दाबून बसवला तर फिरत नाही, काढायचा तर ठोकूनच काढावा लागतो. रनिंग फिट असलं तर बसतो पण फिरत राहतो. ड्रॉइंगवर दोन्ही सारखंच दिसतं. मापातला फरक शंभराव्या भागात."

प्रश्न अगदी वर्मावर बसणारा होता. व्हिना जे सांगतं ते नुसतं बसण्याचं, तेही अंदाजानं. खोलीच्या तापमानाला पकड दहापट वाढायला बंधनाच्या ऊर्जेत सुमारे 1.4 किलोकॅलरीचा फरक पुरतो आणि व्हिनाच्या अंदाजात दोन किलोकॅलरीची चूक सहज होते. मग उणे नऊ पॉइंट दोन आणि उणे आठ पॉइंट सहा यांच्यात पहिला-दुसरा नंबर काढायचा कशाला? शिवाय रेणू खाचेत बसल्यावर गंधकाशी खरा रासायनिक बंध जोडणार का, हे नेहमीच्या डॉकिंगला कळतच नाही. आज बाजारात असलेलं करोनाचं औषध निरमॅट्रेलव्हिर नेमकं तेच करतं. त्याच्या टोकाला नायट्राइल आहे, म्हणजे कार्बन आणि नायट्रोजनचा तिहेरी बंध. सिस्टीनचं गंधक त्या कार्बनवर येऊन जोडलं जातं. हा बंध परत सुटूही शकतो. अण्णांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मग पुश फिट म्हण की. हातानं दाबलं की बसतंय, काढलं की निघतंय." त्यानंतर वर्गात मी हेच सांगते. उद्यमनगरातल्या घरांतली पोरं लगेच माना डोलावतात.

"एचआयव्हीच्या प्रोटिएजवर औषधं होतीच की मॅडम, तीच का नाही चालली?" हाही नेहमीचा प्रश्न. ती देऊन पाहिली होती. मार्च 2020 मध्ये जयपूरला इटालियन पर्यटकांना लोपिनॅव्हिर-रिटोनॅव्हिर दिल्याचं तेव्हा पेपरात गाजलं होतं. त्याच महिन्यात चीनमधली 199 रुग्णांची चाचणी छापून आली, फायदा दिसला नाही. पुढं ब्रिटनच्या मोठ्या चाचणीतही दिसला नाही. एचआयव्हीचं प्रोटिएज अॅस्पार्टिक आम्लाच्या जोरावर कापतं आणि करोनाचं सिस्टीनच्या, दोघांच्या खाचाही वेगळ्या. दोन्हींचं नाव प्रोटिएज आहे म्हणून एकाचं औषध दुसऱ्याला चालेल असं धरायला काही आधार नव्हता. पण तेव्हा हातात दुसरं काही नव्हतं, त्यामुळं देणाऱ्यांना मी दोष देत नाही.

निरमॅट्रेलव्हिरची गोष्ट मी वर्गात फळ्यावर सांगते आणि दोन तास सहज जातात. सुरुवात 2003 ची. पहिला सार्स आला तेव्हा फायझरच्या रसायनशास्त्रज्ञांनी त्या विषाणूच्या मेन प्रोटिएजवर एक रेणू बनवला होता. साथ विझली, चाचणीला रुग्ण उरले नाहीत आणि काम कपाटात गेलं. 2020 चा विषाणू आला तेव्हा दोन्ही एन्झाइमांची अमिनो आम्लं जवळपास 96 टक्के सारखी आणि खाच तर तशीच निघाली. जुना रेणू नव्या एन्झाइमलाही छान धरत होता. अडचण एकच, तो पोटातून रक्तात पोचत नव्हता, शिरेतूनच द्यावा लागणार होता. 2021 च्या जून-जुलैत राज्यात इतरत्र आकडे खाली येत होते आणि कोल्हापूरचे येत नव्हते. इथल्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात खाटेसाठी धावपळ झालेली ज्यांना आठवते, त्यांना सलाइनमधून द्यायचं औषध आणि घरी बसून घ्यायची गोळी यातला फरक समजावायला नको. लक्षणं दिसल्यावर पहिल्या चार-पाच दिवसांत, माणूस अजून घरीच असतो तेव्हा, औषध पोटात जायला हवं.

मग तो रेणू पोटातून जावा म्हणून काय केलं? इथं मी फळ्यावर जुना रेणू काढते आणि पोरांना एनएच आणि ओएच, म्हणजे नायट्रोजन किंवा ऑक्सिजनला हायड्रोजन जोडलेले गट, मोजायला लावते. अशा प्रत्येक गटाला पाणी धरून असतं. आतड्याच्या भिंतीतल्या स्निग्ध थरातून जाताना ते पाणी सोडावं लागतं, आणि असे गट जितके जास्त तितकं ते जड जातं. मग डस्टर घेऊन एकेक काढायचा. मधल्या ल्युसिनच्या जागी त्यांनी एक दुहेरी कडं घातलं, दोन मिथिल असलेलं, ज्यात नायट्रोजनवर हायड्रोजनच उरत नाही. एक एनएच गेला. हे कडं नवं नव्हतं, हेपटायटिस सी च्या बोसेप्रेव्हिरमध्ये ते आधीपासून होतं. जुन्या रेणूच्या टोकावरचा इंडोल नावाचा गट गेला, आणि मधे दुसरे काही गट घालून पाहिल्यावर शेवटी तिथं ट्रायफ्लुरोअॅसिटामाइड हा गट आला. गंधकाला धरणाऱ्या टोकासाठी दोन पर्याय शेवटपर्यंत शर्यतीत होते. त्यातला नायट्राइल निवडला, कारण तो विरघळायला आणि मोठ्या प्रमाणावर बनवायला सोपा. ग्लुटामिनची नक्कल करणारं पाच कोनांचं लॅक्टम कडं मात्र कोणी हलवलं नाही. ते हललं तर एन्झाइम ओळखच देणार नाही.

एकाला धक्का लावला की दुसरं बिघडतं. पकड वाढवावी तर विद्राव्यता जाते, विद्राव्यता आणावी तर यकृत रेणू फोडून टाकतं. हे सगळं एकाच वेळी सांभाळायचं कसब म्हणजे आमचा विषय, आणि त्यातला एकही भाग उणे नऊ पॉइंट दोनमध्ये दिसत नाही.

जुलै 2020 मध्ये निरमॅट्रेलव्हिर पहिल्यांदा तयार झालं तेव्हा हातात होतं 7 मिलिग्रॅम. आमच्या प्रयोगशाळेतल्या तराजूवर एवढं ठेवायचं तर पंखा बंद करावा लागतो. ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत 100 ग्रॅम आणि त्यानंतर दोनच आठवड्यांत किलोच्या वर. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला माणसांत चाचणी, आणि 22 डिसेंबर 2021 ला अमेरिकेत आपत्कालीन परवानगी. हा वेग पैशाच्या जोरावर आला हे खरंच, पण 2003 चं कपाटातलं काम नसतं तर पैसा असूनही आला नसता.

एवढं करूनही रेणू एकटा पुरा पडला नाही. यकृतातलं सीवायपी3ए4 हे एन्झाइम त्याचा फडशा पाडतं. म्हणून सोबत 100 मिलिग्रॅम रिटोनॅव्हिर द्यावं लागतं. ते इथं विषाणूला काही करत नाही, फक्त त्या सीवायपीला अडवून धरतं. रिटोनॅव्हिर मुळात 1996 चं एचआयव्हीचं औषध, आणि फार्मसीच्या पोरांना ते वेगळ्याच कारणानं माहीत असायला हवं: 1998 मध्ये कारखान्यात त्याचा एक नवाच, कमी विरघळणारा स्फटिक अचानक तयार व्हायला लागला आणि कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या. पॉलिमॉर्फिझमच्या, म्हणजे एकाच औषधाचे वेगवेगळे स्फटिक होण्याच्या प्रश्नात हे उदाहरण लिहा, मार्क कुठं जात नाहीत.

पण सीवायपी अडवलं की रुग्णाच्या बाकीच्या गोळ्यांचंही गणित फिरतं. 2022 मध्ये भारतीय कंपन्यांची जेनेरिक औषधं आली, त्यानंतरची गोष्ट. गंगावेशीत मेडिकल चालवणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "मॅडम, निरमॅट्रेलव्हिर-रिटोनॅव्हिरच्या किटची चिठ्ठी आलीय. पण पेशंट आमच्या गल्लीतलाच, त्याला टीबीचा कोर्स चालू आहे हे मला माहीत आहे. देऊ का?" मी म्हटलं, "देऊ नको बाबा, आधी डॉक्टरांना फोन लाव." टीबीच्या कोर्समधलं रिफॅम्पिसिन सीवायपी3ए4 उलट वाढवतं. रिटोनॅव्हिरचं त्यापुढं काही चालत नाही, निरमॅट्रेलव्हिर रक्तात टिकत नाही, आणि कमी पातळीच्या औषधात वाढणारा विषाणू त्याला न जुमानायला शिकण्याचा धोका असतो. डॉक्टरांनी लगेच औषध बदललं. कोलेस्टेरॉलसाठी सिमव्हास्टॅटिन चालू असेल तर ते थांबवावं लागतं, किडनी बदललेल्यांचं टॅक्रोलिमस रक्तात बेसुमार चढतं, किडनीचं काम मंदावलं असेल तर निरमॅट्रेलव्हिरचा डोसच अर्धा करावा लागतो. त्या पोराला कॉलेजात असताना फार्माकोकायनेटिक्स, म्हणजे औषधाचं शरीरात पुढं काय होतं त्याचा हिशेब, नको वाटायचं. आता काउंटरवर उभं राहून तेच करतो.

फायदा किती, तेही सांगते, कारण यावर दोन्ही बाजूंनी थापा ऐकल्यात. लस न घेतलेल्या, धोका जास्त असलेल्या रुग्णांना लक्षणं दिसल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू केलं तेव्हा दवाखान्यात भरती किंवा मृत्यूचा धोका 89 टक्के कमी झाला. फार मोठा आकडा आहे. पण ज्यांना धोकाच कमी, किंवा लस घेतलेली आहे, अशांच्या चाचणीत लक्षणं लवकर बरी झाल्याचं दिसलं नाही. म्हणजे घरातल्या धडधाकट पोराला सर्दी झाली म्हणून घ्यायची ही गोळी नाही. तोंडाला धातूसारखी कडवट चव येते ती वेगळीच.

मी डॉकिंगला नावं ठेवते म्हणून ते टाकाऊ आहे असं मात्र कोणी समजू नका. जपानच्या शिओनोगी कंपनीचं आणि होक्काइदो विद्यापीठाचं एन्सिट्रेलव्हिर संगणकावरच्या चाळणीतूनच सुरू झालं. संगणकानं निवडलेली संयुगं त्यांनी लगेच एन्झाइमवर तपासली, जे खरं चाललं त्याची रचना पाहिली आणि मग ते सुधारत नेलं. हे गंधकाशी बंध जोडत नाही, आमच्या अण्णांच्या भाषेत रनिंग फिट, तरी पकड जबरदस्त. दिवसातून एकदा घ्यायचं, रिटोनॅव्हिरची गरज नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये जपाननं आपत्कालीन परवानगी दिली. संगणक होता, पण त्याच्या शेजारी नळी होती.

आणि नळीतली तपासणी कोल्हापुरात अशक्य नाही, हे मला पोरांच्या डोक्यात घालायचंय. विषाणू हाताळायचाच नाही. मेन प्रोटिएजचा जीन ई. कोलाय जिवाणूत घालून एन्झाइम वाढवता येतं, शुद्ध करता येतं. सोबत एक छोटा पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, लागतो, ज्याच्या एका टोकाला चमकणारा गट आणि दुसऱ्या टोकाला ती चमक दाबून ठेवणारा. मधे ग्लुटामिनपाशी काप बसला की दोन्ही टोकं लांब जातात आणि नळी उजळते. तुमचा तुळशीचा रेणू खरंच अडवत असेल तर ती उजळणार नाही. तासाभरात कळतं. मग डीटीटी घालून परत बघायचं, म्हणजे एब्सेलेनसारखी फजिती नको. तुलनेलाही भरपूर सामान आहे: कोविड मूनशॉट नावाच्या प्रकल्पात जगभरच्या रसायनशास्त्रज्ञांनी पेटंट न घेता या एकाच एन्झाइमसाठी 18 हजारांवर रेणू सुचवले, त्यातले सुमारे 2400 प्रत्यक्ष बनवून मोजले आणि सगळे आकडे खुले ठेवले. घरी बसून उतरवून घ्या. त्यातले पन्नास रेणू डॉक करा आणि तुमच्या स्कोअरचा क्रम मोजलेल्या क्रमाशी लावून बघा. हा विषय मी आनंदानं देते, कोणी मागत नाही.

एन्झाइमचं काम करायला विद्यापीठातल्या एका सहकाऱ्यानं जागा देऊ केलीय. पेप्टाइड महाग आहे पण पुरवून वापरता येतो. अडलंय ते चमक मोजायच्या प्लेट रीडरपाशी. खरेदीचा प्रस्ताव वरपर्यंत जाऊन आला, मंजुरीचा शेराही पडला. आता अकाउंट्सचं म्हणणं आहे की तोवर कोटेशनची मुदत संपली, तीन कंपन्यांची नवीन आणा. दोन आली आहेत. तिसऱ्याचा माणूस सांगलीला राहतो, सोमवारी येतो म्हणालाय.